तंजावरचा राजा आणि पाद्री

वेलांकणी मातेच्या यात्रेला जाणारी आपल्याकडील कुटुंबे नवस फेडतात, समुद्रात पाय भिजवतात आणि मुलाबाळांसाठी जपमाळा घेऊन परतीच्या गाडीला लागतात. अवघ्या नव्वदेक किलोमीटरवर असलेल्या तंजावर शहरात उतरावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्हीही पूर्वी दोनदा असेच परतलो होतो. या खेपेस मात्र धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही एक दिवस तंजावरसाठी राखून ठेवला. तो दिवस आम्हांला पुष्कळ काही देऊन गेला. त्यातील थोडे वाचकांच्या पदरात टाकावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नागपट्टणम, तिरुवारूर मागे टाकत, कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतीतून रस्ता तंजावरला पोहोचतो. दुरूनच बृहदीश्वराचे शिखर दिसू लागते. राजराज चोळ या सम्राटाने १०१० साली पूर्ण केलेले हे मंदिर. त्याचे ग्रॅनाइटचे शिखर सुमारे ६६ मीटर उंच आहे. आम्ही प्रांगणात फिरत असताना आमच्यापैकी एक मुलगा भिंतीजवळ थबकला आणि मोठ्याने वाचू लागला. दिवसभर तामिळ पाट्यांपुढे निरक्षर ठरलेल्या त्या पोराला भिंतीवर देवनागरी अक्षरे सापडली होती, आणि भाषा होती मराठी! हा भोसले घराण्याचा इतिहास. सरफोजीराजांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी तो रचला आणि १८०३ साली तो दगडात कोरण्यात आला. आपल्या गावापासून इतक्या दूर, चोळांच्या मंदिरात, आपली भाषा दगडावर भेटावी, याचे आम्हां सर्वांना मोठे अप्रूप वाटले.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळवली. पुढे पावणेदोनशे वर्षे तेथे भोसल्यांचे राज्य होते. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत आटोपतो. मंदिराशेजारी शिवगंगा तलावाच्या आवारात १७७९ साली बांधलेले एक जुने चर्च आहे. त्या चर्चमध्ये याच इतिहासाचे एक वेगळे पान आमच्यासमोर उघडले.

आत शिरल्यावर संगमरवरात कोरलेले एक दृश्य दिसते. एक वृद्ध पाद्री मृत्युशय्येवर आहे. त्याच्याजवळ एक तरुण मराठा राजपुत्र उभा असून त्याने त्या वृद्धाचा हात हातात घेतला आहे. बिछान्यापाशी शाळेची मुले आहेत. पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि राजपुत्र म्हणजे सरफोजी. हे स्मारक स्वतः सरफोजीराजांनी इंग्लंडमधील प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले आणि श्वार्ट्झ यांच्या समाधीशिलेवरील इंग्रजी काव्यपंक्तीही राजांच्याच असल्याचे मानले जाते. एका हिंदू राजाने एका ख्रिस्ती पाद्र्यासाठी एवढे का करावे?

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. १७५० साली ते तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीत मिशनरी म्हणून आले आणि पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत. १७७८ पासून तंजावर हेच त्यांचे घर झाले. तामिळ तर त्यांनी आत्मसात केलीच, परंतु राजदरबारी बोलता यावे म्हणून मराठीही शिकून घेतली. १७७९ साली कंपनी सरकारने त्यांना हैदरअलीकडे बोलणी करण्यासाठी श्रीरंगपट्टणला पाठवले. हैदरने त्यांना प्रवासखर्चासाठी दिलेली रक्कम त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही, तर ती अनाथ मुलांच्या शाळेसाठी लावली. असा निःस्पृह माणूस सर्वांच्याच विश्वासास पात्र ठरला यात नवल नाही.

१७८७ साली तुळजाजीराजे मरणपंथास लागले. औरस पुत्र नसल्याने त्यांनी भोसले कुळातील दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ आपण करावा, अशी विनंती श्वार्ट्झ यांना केली. श्वार्ट्झ यांनी ती स्वीकारली नाही. परदेशी पाद्र्याने राजपुत्राचे पालक होणे त्यांना योग्य वाटले नसावे. राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे मुलाला सोपवावे, असा सल्ला त्यांनी दिला.

तो सल्ला चुकीचा ठरला. दत्तकविधान अमान्य ठरवून अमरसिंग स्वतःच गादीवर बसले. मुलगा जवळजवळ बंदिवासात पडला आणि त्याचे शिक्षण थांबले. वाचकहो, येथे आम्ही क्षणभर थबकलो. लोक आम्हां धर्मगुरूंकडे सल्ला मागण्यास येतात. घरची भांडणे, जमिनीच्या वाटण्या, मुलांची लग्ने, सारे काही घेऊन येतात. आम्ही सद्‌हेतूने काही सांगतो, आणि क्वचित आमच्या सांगण्याने एखाद्या निरपराध्याच्या वाट्यास दुःख येते. तेव्हा ‘आमचा हेतू चांगला होता’ असे म्हणून हात झटकणे फार सोपे असते.

श्वार्ट्झ यांनी हात झटकले नाहीत. साठी उलटलेल्या या पाद्र्याने मुलाच्या हालाची गाऱ्हाणी मद्रास सरकारकडे लावून धरली. अखेर १७९३ साली सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले व तेथे त्यांच्या शिक्षणाची सोय झाली. दत्तकाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला. परंतु तो राज्याभिषेक पाहणे श्वार्ट्झ यांच्या नशिबी नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले.

इतिहास सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. सरफोजींना गादी मिळाली ती कंपनीच्या हातून, आणि कंपनीने तिची किंमत वसूल केली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक तनखा आणि मानमरातब तेवढे उरले. श्वार्ट्झ यांच्या सचोटीचा लाभ कंपनीला झाला, हे नाकारता येत नाही. सत्तेच्या सावलीत काम करणाऱ्या प्रत्येक धर्मसेवकाने हे ध्यानात ठेवावे.

तरीही सरफोजींनी उरलेल्या आयुष्याचे सोने केले. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. तेथे आज संस्कृत, तामिळ, तेलुगूबरोबरच हजारो मराठी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. धन्वंतरी महालात रुग्णांवर उपचार होत आणि नेत्ररोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात. त्यांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते जानेवारी १८३२ मध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी सरफोजी निधन पावले.

सरफोजींनी बाप्तिस्मा घेतला नाही. ते अखेरपर्यंत शिवभक्त राहिले आणि १८२० साली मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस गेले. मग श्वार्ट्झ यांचे श्रम वाया गेले काय? आमच्याबरोबरच्या एका आजीबाईंनी हाच प्रश्न विचारला. आम्ही त्यांना ते संगमरवरी हात दाखवले. मुलाने बापाचा हात धरावा तसा राजपुत्राने तो हात धरला आहे. ख्रिस्ताने भल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला, त्यात जखमी माणसाने पुढे कोणता धर्म पाळला याचा उल्लेख नाही. त्याच्या जखमा कोणी बांधल्या, एवढेच सांगितले आहे.

श्वार्ट्झ ल्युथरन होते. सेमिनरीत आम्ही डी नोबिली, संत जॉन डी ब्रिटो, बेस्की या येशूसंघीयांविषयी आदराने शिकलो. श्वार्ट्झ यांचे नाव मात्र ओझरतेच कानी पडले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी प्रोटेस्टंट चर्चचा उंबरठा ओलांडणे हेही पाप वाटे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याचा आदेश काढला आणि ते दार उघडले. त्या दिवशी आम्ही सर्वांनी तेथे गुडघे टेकून ‘आमच्या स्वर्गीय बापा’ ही प्रार्थना मराठीत म्हटली. श्वार्ट्झ यांना ती समजली असती, हा विचार मनाला सुखावून गेला.

पुढच्या खेपेस वेलांकणीला जाल तेव्हा एक दिवस तंजावरसाठी ठेवा. मुलांना मंदिराच्या भिंतीवरील मराठी वाचायला लावा. मग शिवगंगेकाठच्या त्या चर्चमध्ये जा, आणि आपल्या चुकीच्या सल्ल्याने कोणा लेकराचे नुकसान झाले असेल, तर ते भरून काढण्याचे बळ मागा. आम्ही तेच मागून परतलो.