क्लाइव्ह निधीचा अंत आणि मद्रासचे शिपाई

ऑगस्ट १७५१ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह मद्रासहून (आजचे चेन्नई) अर्काटवर चालून गेला, तेव्हा त्याच्या तुकडीत सुमारे २०० युरोपीय सैनिक आणि ३०० देशी शिपाई होते. अर्काट हाती आले. परंतु लवकरच चंदासाहेबाचा पुत्र रझासाहेब याने किल्ल्यास वेढा घातला. सुमारे पन्नास दिवस चाललेला हा वेढा उठण्यामागे गुत्तीचे मराठा सरदार मुरारराव घोरपडे यांची फौज क्लाइव्हच्या मदतीस येत असल्याची वार्ता हेही एक कारण होते. अन्न संपत आले तेव्हा शिपायांनी भात गोऱ्यांना देऊन स्वतः पेजेवर भागविले, अशी आख्यायिका इंग्रज लेखकांनी पुढे आवडीने सांगितली. तिची सत्यता शंकास्पद आहे; मात्र क्लाइव्हच्या कीर्तीचा पाया शिपायांच्या श्रमांवर उभा होता, याविषयी शंका नाही.

या पार्श्वभूमीवर क्लाइव्हच्या नावाने स्थापन झालेल्या सैनिकी निधीचा इतिहास पाहावयास हवा. बंगालचा नबाब मीर जाफर १७६५ मध्ये मृत्यू पावला. त्याने क्लाइव्हसाठी पाच लाख रुपये ठेवले होते. कंपनीच्या संचालकांनी नोकरांना देणग्या घेण्यास नुकतीच मनाई केली होती. क्लाइव्हने ती रक्कम कंपनीच्या स्वाधीन करून सैनिकांच्या साहाय्यार्थ निधी उभारला. मीर जाफरच्या वारसाकडून त्यात तीन लाखांची भर पडली. ६ एप्रिल १७७० च्या करारनाम्याने निधीचे नियम ठरले. सेवेत जायबंदी अथवा वृद्ध झालेले अधिकारी व सैनिक, तसेच त्यांच्या विधवा, यांना त्यातून वेतन मिळावयाचे होते.

तथापि हे सारे लाभार्थी युरोपीय होते. देशी शिपायांसाठी कंपनीची अपंगवेतनाची स्वतंत्र व्यवस्था होती. या निधीत त्यांना स्थान नव्हते. पैसा हिंदुस्थानातील नबाबाचा, पराक्रमातील मोठा वाटा हिंदुस्थानी शिपायांचा आणि लाभ मात्र गोऱ्या सैनिकांचा, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

करारनाम्यात आणखी एक शर्त होती. कंपनीचे सैन्य उरले नाही, तर मूळ रक्कम क्लाइव्हच्या वारसांकडे परत जावयाची होती. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश संसदेने १८५८ चा कायदा करून कंपनीचा कारभार राणीकडे सोपविला. सैन्यही राणीचे झाले. त्याच कायद्याने सैनिकांचे पगार, निवृत्तिवेतन व सवलती पूर्ववत राखल्या. सैनिक तेच आणि छावण्याही त्याच राहिल्या. कागदोपत्री मात्र कंपनीचे सैन्य संपले होते. क्लाइव्हच्या वारसाहक्काचे प्रतिनिधी वॉल्श यांनी रकमेवर दावा सांगितला, आणि १८६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मान्य केला. अशा रीतीने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सैनिकांसाठी दिलेला पैसा दात्याच्या घराण्याकडे परत गेला. निधी रद्द करणे हा १८५८ च्या कायद्याचा उद्देश नव्हता; तो त्याचा आनुषंगिक परिणाम होता.

विसाव्या शतकातील फिलिपिनी सैनिकांचे उदाहरण याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. जुलै १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने हे सैनिक अमेरिकेच्या सेवेत घेतले गेले. १८ फेब्रुवारी १९४६ च्या कायद्याने त्यांची सेवा बहुतेक लाभांच्या दृष्टीने अमेरिकी सैन्यातील सेवा मानली जाणार नाही, असे ठरविले. २००९ मध्ये १९.८ कोटी डॉलरचा भरपाई निधी मंजूर झाला. अमेरिकी नागरिक असलेल्यास १५ हजार आणि इतरांस ९ हजार डॉलर एकरकमी देण्यात आले. अर्जासाठी एका वर्षाची मुदत होती. तोपर्यंत अनेक सैनिक हयात नव्हते.

दोन्ही प्रकरणांचे स्वरूप भिन्न आहे. मद्रासचा शिपाई निधीच्या कक्षेबाहेरच राहिला, तर फिलिपिनी सैनिकाला आत घेऊन बाहेर काढण्यात आले. परंतु दोन्हीकडे निर्णय सैनिकाच्या गरजेवरून अथवा त्याच्या जखमेवरून झाला नाही. तो कोणाचा सैनिक म्हणून गणला जावा, या व्याख्येवरून झाला. ती व्याख्या करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार नेहमीच राज्यकर्त्यांकडे राहिला. म्हणूनच सैनिकी निधींचा इतिहास लिहिताना त्यातून दिलेल्या रकमांइतकीच, त्यातून वगळलेल्या माणसांची नोंद घेणे अगत्याचे ठरते.