जुनेर : दिलेलं आणि घेतलेलं



इतिहास म्हटलं की आपण महाड सांगतो, काळाराम सांगतो, येवला सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण आपल्या बापजाद्यांच्या अंगावर जे कापड होतं त्यालाही इतिहास आहे. तो आपण अजून नीट लिहिलेला नाही.

सुरुवात मनुस्मृतीपासून करा. दहाव्या अध्यायात चांडाळाचा पोशाख ठरवून दिलाय : मढ्यावरचं कापड. जेवायला फुटकं भांडं, अंगावर लोखंडाचा दागिना. त्याच अध्यायात पुढं सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावं त्याची यादी आहे : उष्टं अन्न, जुनी वस्त्रं, पोचट धान्य, जुनं घरसामान. म्हणजे वापरून झालेली वस्तू कुणाच्या घरातून कुणाच्या घरात जायची, याचा शास्त्रकारांनी कायदाच करून ठेवला.

गावगाड्यात हाच कायदा हक्काच्या नावानं चालला. महाराच्या बावन्न हक्कांत प्रेतावरचं कापडही मोजत. हक्क कसला डोंबलाचा! रात्री-बेरात्री सांगावा घेऊन पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, वेशीवर जागायचं, आणि बदल्यात बलुतं, शिळी भाकर, सणासुदीला एखादं जुनेर. तेही वरून टाकायचं, कारण हातात दिलं तर विटाळ! त्या जुनेराची किंमत कधी कुणी सांगितली नाही. किंमतच ठरली नाही, मग ती फिटणार कशी? पिढ्यान् पिढ्या आपण राबून एक फाटकं लुगडं फेडत राहिलो.

बरं, स्वतःच्या पैशानं चांगलं घालावं तर तेही खपत नव्हतं. १९२८ साली इंदूरकडच्या बलाई लोकांना सवर्णांनी हुकूम काढला : जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ही हकिकत मुद्दाम नोंदवली. गरिबीमुळं जुनं घालावं लागणं एक, आणि ऐपत असूनही नवं घालू न देणं दुसरं. आपल्या वाट्याला दोन्ही आली.

म्हणून महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी लुगड्याबद्दल बोलले, यात नवल नाही. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, ढीगभर दागिन्यांचं ओझं टाका, जात ओळखू येईल अशी खूण अंगावर ठेवू नका. पुढं १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदे मंडळात बिल आणलं. कनिष्ठ वतनं प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात आपली माणसं पांढरी कापडं घालून उभी राहिली. मढ्यावरचं पांढरं ज्यांच्या नशिबी लिहिलं होतं, त्यांनी स्वतः निवडलेलं पांढरं अंगावर घेतलं.

आता नाशिकला या. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दरवाजावर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटानं चालवला. दरवाजा उघडला नाही. त्या पंचवटीपासून चार पावलांवर, गोदेच्या काठी, बुधवारचा बाजार भरतो. लहानपणी आई मला तिथं न्यायची. बोहारणी भांड्यांच्या बदल्यात वाड्यावाड्यांतून कपडे आणायच्या, धुऊन-शिवून, घड्या घालून विकायच्या. आई शर्ट उजेडात धरायची, कॉलर बघायची, काखेतली शिवण ताणून बघायची. मग घासाघीस. दोनदा उठून चालायला लागायची, तिसऱ्यांदा सौदा व्हायचा. मी एकदा कुरकुर केली, “दुसऱ्याचा शर्ट हाय ह्यो.” आई म्हणाली, “पैसं मोजल्यात. आता तुझा हाय. कुणाच्या वट्ट्याखाली पदर पसरून नाही आणला.”

माझ्या आईला अर्थशास्त्र येत नव्हतं, पण तिनं मुद्दा बरोबर पकडला होता. शर्ट तोच; पण वाड्यावरून टाकलेला असता तर त्याच्याबरोबर वेठ आली असती. बाजारात किंमत ठरली, पैसे दिले, नातं संपलं. नको असेल तर नको म्हणता आलं. गावात हे ‘नको’ म्हणायचीच सोय नव्हती.

आणि जुनं विकत घ्यायची लाज कशाला? न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २००० पुस्तकं जमवली, असं धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलंय. पोटाला चिमटा काढून घेतलेली जुनी पुस्तकंच होती ती.

पण बाजारालाही डोक्यावर घेऊ नका. भाव ठरतो, तरी घाण कुणी उपसायची ते जातच ठरवते. मुंबईच्या कावाखान्यातल्या आपल्या बायका रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा वेचून विकत होत्या. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) ते मांडलंय. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तेव्हा त्यातही बहुसंख्य दलित बायकाच होत्या. आज शहरातली पोरं जुनी जीन्स ‘थ्रिफ्ट’ म्हणून मिरवतात, चौकाचौकांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहते. मिरवू द्या, उभी राहू द्या. फक्त कपड्याचं बोचकं घेऊन कुणी वस्तीत आलं आणि फोटो काढायला लागलं, तर आधी विचारा : हे विकताय का टाकताय?

आणखी एक काम करा. घरी आजी असेल तर तिला विचारा, तिनं स्वतःच्या पैशानं घेतलेलं पहिलं लुगडं कोणतं, कितीला घेतलं, कोणत्या बाजारातून. वहीत लिहून ठेवा. महाडच्या पुढचं पान तिथं आहे.

जय भीम.