ऑल-ग्रेन होम ब्रूइंग: पहिलं साहित्य घेताना पैसे नेमके कुठे घालायचे?

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मित्रांकडून मला एक लिंक हमखास येते. स्टेनलेस स्टीलचं चकचकीत मशीन, समोर डिस्प्ले, वायफाय, मोबाईल ॲप, आणि खाली प्रश्न: "घरी बिअर बनवायला हे घेऊ का?" माझं उत्तर बहुतेक वेळा "आत्ता नको" असंच असतं. मशीन वाईट असतं असं नाही. ते ज्या कामाचं आहे त्या कामाला पहिल्या वर्षी एवढे पैसे लागत नाहीत, आणि ज्या कामाला लागतात ते हे मशीन करतच नाही.

आधी कायदा बघू. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे. 'फक्त स्वतःसाठी बनवली' हे कारण चालत नाही, त्यामुळे हा लेख वाचून पुण्या-मुंबईत प्रयोग करू नका. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला करमाफी मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर, आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. प्रत्येक राज्याचे वेगळे नियम असतात (अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ मध्ये परवानगी दिली), त्यामुळे आपल्या राज्याचा नियम वाचा. वय २१ पूर्ण हवं. आणि ही सूट बिअरपुरतीच आहे, दारू गाळायला नाही.

ऑल-ग्रेन म्हणजे काय?

दुकानात मॉल्टचा तयार पाक मिळतो. तो पाण्यात उकळून बिअर बनवणं हा सोपा रस्ता. ऑल-ग्रेनमध्ये आपण धान्यापासून सुरुवात करतो. मोड आणून वाळवलेलं बार्ली, म्हणजेच मॉल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर भिजवायचं. मोड येताना तयार झालेली एन्झाइम्स पिठाची साखर करतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्याची खीर कमी दाट आणि जास्त गोड लागते ना? रसायन तेच. या भिजवण्याला मॅश म्हणतात आणि निघालेल्या गोड पाण्याला वॉर्ट. मग हॉप्स घालून तासभर उकळायचं, थंड करायचं, यीस्ट टाकायचं.

मॅशचं तापमान साधारण ६३ ते ७० अंश सेल्सियस. खालच्या टोकाला बिअर हलकी, कोरडी होते. वरच्या टोकाला अंगाने भरलेली आणि थोडी गोडसर. म्हणजे पाच-सहा अंशांत चव बदलते, आणि म्हणूनच थर्मामीटर चांगला हवा. १५-२० डॉलरचा डिजिटल पुरतो. घरी आणल्यावर बर्फ आणि पाण्याच्या काल्यात बुडवून बघा. शून्याच्या आसपास दाखवला तर ठेवा, दोन अंश इकडे-तिकडे असेल तर सरळ परत करा.

मोठं पातेलं आणि एक पिशवी

ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी लोकप्रिय केलेली 'ब्रू इन अ बॅग' ही पद्धत नवशिक्यासाठी मला सर्वात पटते. पातेल्यात जाळीदार कापडी पिशवी, पिशवीत धान्य, तासाभराने पिशवी उचलून निथळायची. चक्का बांधतो तसंच. वेगळं मॅश टन नको, पंप नको, नळ्या नकोत. ३० लिटरचं स्टीलचं पातेलं ७० डॉलरच्या आसपास, पिशवी ३० च्या आसपास. मॅश चालू असताना गॅस बंद करून पातेल्याला जाड ब्लँकेट गुंडाळलं की तासाभरात तापमान एक-दोन अंशच उतरतं. धान्य दळायची चक्की घेऊ नका, ब्रूइंगची दुकानं धान्य भरडून देतात.

एकदम १९ लिटर, म्हणजे ५ गॅलन, बनवायच्या मागे लागू नका. बहुतेक रेसिपी तेवढ्यासाठी लिहिलेल्या असतात, पण त्याला साडेचार-पाच किलो धान्य लागतं आणि ओली पिशवी उचलताना कंबर बोलते. १० लिटरला अडीच किलो पुरतं. घरच्या गॅसवर उकळतं, आणि सिंकमध्ये बर्फ घालून पातेलं ठेवलं की थंडही होतं. तांब्याच्या नळीचा चिलर पुढे कधीतरी.

आता त्या इलेक्ट्रिक मशीनकडे येऊ. अमेरिकेतल्या घरांत साधा प्लग १२० व्होल्टचा असतो, त्यावर ही मशीन साधारण १५०० ते १६०० वॉटवर चालतात. गणित करू. २८ लिटर पाणी २० वरून ६७ अंशांवर न्यायला सुमारे ५५०० किलोज्यूल लागतात. १६०० वॉटने भागलं तर जवळपास ५७ मिनिटं, आणि यात भांड्यातून वाया जाणारी उष्णता धरलेली नाही. मॅशनंतर उकळी यायला अजून पाऊण तास. भारतातल्या किंवा युरोपातल्या २३० व्होल्टवर चालणारं मॉडेल झरझर तापतं. व्हिडिओ तिकडचे बघून खरेदी इकडे केली की शनिवार जातो. स्वस्तातलं मशीन ३००-४०० डॉलरपासून सुरू होतं, त्यात फर्मेंटर नाही, थंड ठेवायची सोय नाही. पैसे वाचवायला बादलीत हीटिंग एलिमेंट बसवणारे व्हिडिओही दिसतील. पाणी आणि वीज एकत्र आहे, जीएफसीआय संरक्षण नसलेल्या प्लगवर ते अजिबात करू नका.

खरा खर्च यीस्टवर करा

विरजण लावताना दूध कोमटच का लागतं हे आपल्याला घरातच कळतं. यीस्टचंही तसंच. बहुतेक एल यीस्ट १८ ते २० अंशांत नीट वागतं. गोची अशी की आंबताना यीस्ट स्वतः उष्णता तयार करतं, त्यामुळे खोलीत २२ अंश असेल तर बादलीच्या आत २५-२६ होऊ शकतं. पहिल्या तीन दिवसांत हे घडलं तर बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास किंवा घशाला जाळणारी चव येते. ती नंतर काढता येत नाही. हजार डॉलरच्या मशीनमध्ये मॅश केलेली असो की पातेल्यात, यीस्टला फरक पडत नाही.

म्हणून माझा सल्ला: जुना मिनी फ्रिज आणि इंकबर्ड आयटीसी-३०८ सारखा दोन सॉकेटचा टेम्परेचर कंट्रोलर. फ्रिज सेकंडहँड ५० डॉलरच्या आसपास मिळून जातो, कंट्रोलर साधारण ४० ला. एका सॉकेटला फ्रिज, दुसऱ्याला हिवाळ्यासाठी छोटं हीटिंग पॅड. सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नका. बादलीला बाहेरून चिकटवा आणि त्यावर फोमचा तुकडा लावा, म्हणजे तो बिअरचं तापमान मोजेल. फरक अर्धा अंश ठेवा आणि कॉम्प्रेसर डिले किमान तीन मिनिटं, नाहीतर फ्रिज सारखा चालू-बंद होऊन लवकर दम सोडेल. फ्रिज घ्यायच्या आधी आतली जागा टेपने मोजा. मागे कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, बादली तिथेच अडते. एवढंही बजेट नसेल तर टबभर पाण्यात बादली ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या बाटल्या बदला. कटकट आहे, पण चालतं.

फर्मेंटर म्हणून झाकण आणि एअरलॉकवाली फूड-ग्रेड प्लास्टिकची बादली घ्या, १५ लिटरच्या आसपासची, फेसाला जागा राहते. काचेचा मोठा बुधला फोटोत छान दिसतो, पण ओल्या हातातून निसटला तर टाके पडतात. सोबत स्टार सॅनसारखा न धुवावा लागणारा सॅनिटायझर. उकळल्यानंतर वॉर्टला जे जे लागेल ते त्यात बुडवून काढायचं.

ॲप आणि गॅजेट

ब्रूफादर मोबाईलच्या ब्राउझरवरही चालतं. मोफत प्लॅनमध्ये मर्यादा आहेत, पण सुरुवातीला पुरतात. धान्य आणि बॅचचा आकार टाकला की पाणी किती, कोणत्या तापमानाचं, हे ते सांगतं. टिल्टसारखा तरंगणारा ब्लूटूथ हायड्रोमीटर बादलीतून फोनवर आलेख पाठवतो. बघायला मजा येते, मान्य. पण तो स्वतः किती कलला यावरून घनता काढतो, आणि त्याला फेसाचा गाळ चिकटला की आकडा हलतो. शंभराहून जास्त डॉलर त्यात घालण्याआधी दहा-पंधरा डॉलरचा काचेचा हायड्रोमीटर घ्या. सुरुवातीला १.०५०, शेवटी १.०१० दाखवलं तर फरकाला १३१.२५ ने गुणा: सुमारे ५.२५ टक्के अल्कोहोल.

वरचं सगळं, बाटल्यांना बूच लावायचा कॅपर आणि बुचं धरून, ३०० डॉलरच्या आत बसतं. बाटल्या विकत घेऊ नका, मित्रांकडच्या रिकाम्या गोळा करा. फक्त ओपनरने उघडणाऱ्या जाड काचेच्या घ्या, पिळून उघडणाऱ्या नकोत.

बाटली भरताना घाई करू नका. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा सारखा आला पाहिजे. मग लिटरला सहा ग्रॅम, म्हणजे १० लिटरला ६० ग्रॅम साखर, वजनकाट्यावर मोजून. साखर शिल्लक असताना भरलेली किंवा अंदाजाने गोड केलेली बाटली फुटू शकते, आणि काच खोलीभर उडते. भरलेल्या बाटल्या दोन आठवडे झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, खोलीच्या तापमानाला ठेवा. आठवड्याने एक थंड करून उघडा. फसफसून बाहेर आली तर बाकीच्या लगेच फ्रिजमध्ये हलवा. हलवताना चष्मा आणि जाड हातमोजे घाला.