आरक्षणाच्या यंत्राची चाळीस वर्षे

भारतीय रेल्वेची प्रवासी आरक्षण प्रणाली नव्या संगणकीय पायावर नेण्याचे काम रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने, म्हणजेच ‘क्रिस’ने, हाती घेतले आहे. रेल्वेने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सध्याची प्रणाली २०१० पासून इटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएस या कार्यप्रणालीवर चालते. मिनिटाला सुमारे २५,००० तिकिटे देण्याची तिची क्षमता चौपट करण्याचा संकल्प आहे. बातम्यांमध्ये हा आकडा ठळकपणे आला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यातली यंत्राची व कार्यप्रणालीची नावेच अधिक बोलकी वाटतील. ज्या इटॅनियमवर देशाची आरक्षणे अवलंबून आहेत, त्याचा पुरवठा इंटेलने जुलै २०२१ मध्येच थांबवला आहे.

१९८५ पूर्वी आरक्षण म्हणजे जाडजूड नोंदवही होती. गाडीची वही ज्या खिडकीवर, त्याच खिडकीवर तिचे तिकीट मिळे. परतीच्या जागेसाठी दुसऱ्या स्थानकाला तार करावी लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे. १५ नोव्हेंबर १९८५ रोजी नवी दिल्लीत ‘इम्प्रेस’ ही प्रणाली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या सीएमसी या कंपनीने ती डीईसी कंपनीच्या व्हॅक्स संगणकांसाठी तयार केली होती आणि तिचे प्रोग्राम फोरट्रानमध्ये लिहिलेले होते. मुळात वैज्ञानिक गणितासाठी घडवलेल्या भाषेने बर्थ मोजावेत, ही गंमतच! पण त्या प्रणालीमुळे कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, आणि रांगेतल्या माणसाच्या लेखी क्रांती म्हणतात ती हीच.

पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही अशीच केंद्रे उभी राहिली. प्रत्येकाची माहिती मात्र स्वतंत्र होती. जणू पाच बेटेच. ती जोडण्यासाठी ‘क्रिस’ने ‘कॉन्सर्ट’ ही नवी प्रणाली घडवली. १९९४ मध्ये ती प्रथम सिकंदराबादला बसवण्यात आली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. येथे अभियंत्यांनी दाखवलेला संयम लक्षणीय आहे. सारी माहिती एकाच ठिकाणी ओतण्याचा मोह त्यांनी टाळला. प्रत्येक केंद्राने आपल्या गाड्यांचा हिशेब आपल्याकडेच ठेवावा आणि इतर ठिकाणाहून आलेली मागणी ज्या केंद्राची गाडी असेल तिकडे पाठवली जावी, अशी ती रचना होती. एकच बर्थ दोघांना दिला जाऊ नये, ही यातली सर्वांत कठोर अट. त्यासाठी व्यवहार पूर्ण होईपर्यंत ती जागा इतर सर्वांसाठी अडवून धरावी लागते. आणि व्यवहार अर्धवट तुटलाच, तर ती निमूटपणे मोकळीही करावी लागते.

यानंतर आले संकेतस्थळ. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवरून आरक्षण सुरू केले, तेव्हा तिकीट कुरिअरने घरी येत असे. प्रवाशाने स्वतः छापायचे ई-तिकीट २००५ मध्ये आले. गर्दी वाढत गेली आणि २०१४ मध्ये वेब प्रणालीच बदलण्यात आली. त्या वर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पात मिनिटाला २,००० ऐवजी ७,२०० तिकिटांचे उद्दिष्ट सांगितले गेले. परंतु संकेतस्थळ हा केवळ दरवाजा आहे. जागा शिल्लक आहे की नाही, हे आतली जुनी प्रणालीच ठरवते. दरवाजा रुंद केला की आतल्या खोलीवरचा ताण वाढतो. तत्काळ आरक्षणाच्या वेळी, सकाळी दहा आणि अकरा वाजता, हे लाखो प्रवासी अनुभवतात.

मग आतली खोली इतकी वर्षे का टिकली? याचे उत्तर व्हीएमएसमध्ये आहे. १९७७ मध्ये व्हॅक्ससोबत अवतरलेली ही कार्यप्रणाली आधी अल्फा आणि मग इटॅनियम प्रोसेसरवर नेण्यात आली. दरम्यान डीईसी कॉम्पॅकमध्ये आणि कॉम्पॅक एचपीमध्ये विलीन झाली, पण ग्राहकांचे प्रोग्राम बहुतांशी तेच राहिले. ते नव्या यंत्रासाठी पुन्हा संकलित करावे लागत, नव्याने लिहावे लागत नसत. आजच्या सर्वसाधारण सर्व्हरवर चालणारी ओपन व्हीएमएसची आवृत्तीही २०२२ मध्ये आली आहे. म्हणजे सोपी वाट याही वेळी मोकळी होती. रेल्वेने मात्र क्लाउड तंत्रज्ञानाशी जुळणारी प्रणाली उभारण्याचे ठरवले आणि त्यामुळे हे काम मागच्या स्थलांतरांहून वेगळ्या जातीचे झाले आहे.

नवा प्रोग्राम लिहायचा, तर जुन्याला ठाऊक असलेले सारे काही त्याला शिकवावे लागते. महिलांचा, ज्येष्ठ नागरिकांचा आणि मधल्या स्थानकांचा कोटा, आरएसी, रद्द झालेली जागा कोणाकडे जाईल याचा क्रम, सवलती, परतावे... चाळीस वर्षांत परिपत्रकांमागून परिपत्रके निघाली आणि प्रत्येकाने प्रोग्राममध्ये आणखी एक अट वाढवली. अशा जुन्या प्रणालींत बहुधा प्रोग्राम हाच नियमांचा सर्वांत पूर्ण दस्तऐवज असतो. एखादी अट नजरेतून सुटली, तर प्रतीक्षा यादीत चौथ्या क्रमांकावरचा प्रवासी मागे राहतो आणि पाचव्याला बर्थ मिळतो. संगणकाच्या पडद्यावर ती चूक दिसतही नाही, ती दिसते ती फलाटावर.

शिवाय ही प्रणाली कधीच रिकामी नसते. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे कोणत्याही क्षणी पुढच्या दोन महिन्यांच्या गाड्या कमी-अधिक भरलेल्या असतात, प्रतीक्षा यादी सरकत असते आणि कोणी ना कोणी तिकीट रद्द करत असतो. संकेतस्थळावरील आरक्षण रात्री ११:४५ ते १२:२० बंद असते. दिवसाच्या हिशेबासाठी राखलेली ही ३५ मिनिटे सोडली, तर चालू व्यवहारांतूनच स्थलांतर पार पाडायचे आहे.