लाईट नसताना घर उबदार कसे ठेवाल? निखाऱ्याचे घमेले मात्र बाहेरच

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा काही वेळा ५ अंशांच्याही खाली जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरची तापमानाची नोंद दर हिवाळ्यात बातमीत असते. द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. घरात मात्र लाईट गेली की हिटर बंद आणि पत्र्याचे घर बर्फासारखे गार.

घर नव्याने तापवण्यापेक्षा आहे ती ऊब टिकवणे सोपे. नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता बाहेर पडते. म्हणून थंडीच्या लाटेत सगळ्यांनी एकाच लहान खोलीत झोपलेले बरे. दुपारी उन्हाच्या बाजूच्या खिडक्या उघडा आणि दिवस मावळायच्या आत लावून घ्या. मातीची जाड भिंत दिवसाची ऊब रात्री सोडते, पत्र्याला ते जमत नाही. उंबरठ्याखालच्या फटीत जुन्या लुगड्याची गुंडाळी बसवा.

पांघरुणे एकावर एक चढवतात, पण अंगाखाली फक्त एक सतरंजी! फरशी अंगातली ऊब ओढून घेते. खाली आधी गोणपाट किंवा पेंढा, त्यावर चटई आणि मग गोधडी टाका. गोधडीच्या थरांत अडकलेली हवाच ऊब धरते. गोधडी दमट असेल तर काही उपयोग नाही, तिला दुपारचे ऊन दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. शेकोटी विझत आली की निखारे घमेल्यात भरून खोलीत ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे लोकांना वाटते. ते साफ चुकीचे आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरते. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते. झोपलेल्याला तेही कळत नाही, तो झोपेतच जातो. फटी बुजवलेल्या खोलीत तर हा धोका आणखी वाढतो. शेगडी असो की कोळसा, झोपायच्या खोलीत नकोच. जनरेटर ओसरीवरही लावू नये. चूल घरात असेल तर ती पेटलेली असेपर्यंत खिडकी उघडी ठेवा.

कोणी असे बेशुद्ध आढळले तर दारे-खिडक्या उघडून त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवत बसू नका.

तान्ह्या बाळाला टोपी-मोजे घालून आईच्या छातीशी धरावे. म्हाताऱ्या माणसांच्या पायाशी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवता येते, बूच घट्ट आहे ना ते बघा. शुगर असलेल्यांच्या पायाला कधी कधी चटका कळत नाही. त्यांचे अंथरूण बाटलीने आधी गरम करा आणि ते आडवे व्हायच्या आत ती काढून घ्या.