तहाची किंमत

ऋणकोनें युद्धांत उतरूं नये, असें कोणत्याही नीतिग्रंथांत सांगितलेलें नाहीं. परंतु उतरावयाचेंच झाल्यास आपले सावकार कोणत्या पक्षास आहेत हें त्यानें आधीं पाहावें, इतकें तरी व्यवहारज्ञान सांगतें. राष्ट्रांच्या बाबतींत हा व्यवहार किती बिकट होऊन बसतो, हें पाहण्यासाठीं १९१४ सालच्या तुर्कस्थानाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

उस्मानी साम्राज्यानें पहिलें परकी कर्ज १८५४ सालीं काढलें, तें क्रिमियाच्या युद्धांत इंग्लंड व फ्रान्स यांचा दोस्त या नात्यानेंच. पुढें व्याजही देणें अशक्य झालें, आणि १८८१ मध्यें धनकोंच्या प्रतिनिधींचें एक मंडळ राजधानींत येऊन बसलें. मीठ, मुद्रांक इत्यादि बाबींचें उत्पन्न हें मंडळ परस्पर वसूल करी. मानहानि खरीच, पण त्याच भरंवशावर पॅरिस, लंडन व बर्लिन येथील भांडवल आगगाड्या व बंदरें यांकडे वळलें. १९१४ च्या एप्रिलांत अर्थमंत्री जावीद बे यांनीं पॅरिसमध्यें ५० कोटि फ्रँकांचें कर्ज मिळविलें.

त्यानंतर चार महिन्यांच्या आंतच, २ ऑगस्ट रोजीं, वझीर सैद हलीम पाशा यांनीं जर्मन वकिलाशीं गुप्त तह केला. बहुतेक मंत्र्यांसही त्याचा पत्ता नव्हता. यास निव्वळ अविचार म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. रशियाची भीति जुनी होती. जुलैमध्यें जमाल पाशा यांनीं फ्रान्सचें मन चांचपून पाहिलें, पण तेथें दाद लागली नाहीं. त्यांतच, तुर्कांसाठीं इंग्लंडांत बांधलेलीं दोन लढाऊ जहाजें इंग्रज सरकारनें अडकविलीं. त्यांसाठीं सामान्य जनांनीं वर्गण्या दिल्या होत्या. मग लोकांचें मन इंग्लंडवरून उडालें यांत नवल काय?

सप्टेंबरांत तुर्कांनीं परकीयांच्या सर्व खास सवलती रद्द केल्याचें जाहीर केलें. या सवलतींमुळें परकी माणसावर देशी न्यायालयाचा पुरता अधिकार चालत नसे, व जकातही सरकारास आपल्या मर्जीनें वाढवितां येत नसे. या घोषणेविरुद्ध इंग्लंड, फ्रान्स व रशिया यांच्या वकिलांनीं निषेध नोंदविला, आणि त्यांच्याच जोडीस जर्मनी व ऑस्ट्रिया यांचे वकीलही उभे राहिले! रणांगणावर एकमेकांचे गळे कापणारीं राष्ट्रें तुर्कांच्या दाराशीं एका सुरांत बोललीं. मित्राची मैत्री कोठवर जाते, हें तुर्कांस तेव्हांच कळावयास हवें होतें.

२९ ऑक्टोबर रोजीं तुर्की आरमारानें, जर्मन सेनापतीच्या हाताखालीं, रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या. नोव्हेंबरच्या आरंभीं तिन्ही राष्ट्रांशीं युद्ध जुंपलें, आणि जावीद बे यांनीं राजीनामा दिला. पॅरिस व लंडन यांचीं दारें मिटलीं. आमच्या मतें खरी हानि येथेंच आहे. सावकार अनेक होते तोंवर एकास दुसऱ्यासमोर उभें करून तुर्कांस कांहीं पदरांत पाडून घेतां येत असे. आतां पैसा देणारा मुख्यतः एकच उरला. जर्मनीनें पैसा दिला, पण तो लढाईसाठीं. तिच्या सोन्यावर व हुंड्यांवर विसंबून युद्ध संपेपर्यंत सुमारे १६ कोटि लिरांच्या कागदी नोटा निघाल्या, आणि बाजारांत त्यांची किंमत पार उतरली.

या तहाची झळ आमच्या प्रांतापर्यंतही पोंचली. पुण्याचें नांव धारण करणारा हिंदी सैन्याचा सहावा डिव्हिजन मेसोपोटेमियांत धाडला गेला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत येथें त्यास तुर्कांपुढें शस्त्रें खालीं ठेवावीं लागलीं.

त्या सवलती अखेर नाहींशा झाल्या, हें खरें. पण त्या जर्मनीच्या दोस्तीनें नव्हे. मुस्तफा केमाल यांच्या नेतृत्वाखालीं पुढें झालेल्या लढ्याचें तें फळ होतें, आणि २४ जुलै १९२३ रोजीं लोझान येथील तहानें त्यावर शिक्कामोर्तब झालें. जुनें कर्ज मात्र कोणत्याही विजयानें पुसलें गेलें नाहीं. साम्राज्यांतून निघालेल्या राज्यांत तें वाटलें गेलें, आणि तुर्कस्थानानें आपल्या वांट्याचा शेवटचा हप्ता १९५४ सालीं फेडला. बर्लिनशीं केलेला तह चार वर्षांत संपला. हप्ते चाळीस वर्षें मागें लागले.