मांसांकुर व चिरकारी व्रणांचे रोपण

मांसांकुर व चिरकारी व्रणांचे रोपण : जखमेच्या तळाशी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगवणाऱ्या, तांबूस, दाणेदार व नाजूक ऊतकास (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहास) मांसांकुर ऊतक म्हणतात. प्रत्येक दाणा म्हणजे नव्याने फुटलेल्या केशवाहिन्यांचे एक वेटोळे असते. त्याभोवती तंतुजनक कोशिका व मृत अवशेष भक्षण करणाऱ्या कोशिका असतात. या ऊतकात तंत्रिका (मज्जा) नसल्याने त्याला स्पर्श केला असता वेदना होत नाही, रक्त मात्र चटकन येते. खळगा भरून आला की जखम आकुंचन पावते, कडेची त्वचा वरून सरकत येते व अखेर वण उरतो. हा क्रम मध्येच खुंटला व जखम आठवडेच्या आठवडे उघडी राहिली, म्हणजे तिला चिरकारी व्रण म्हणतात. तो का भरत नाही, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ रोग्याच्या रक्तात किंवा मांसात शोधले गेले. ते पुष्कळदा व्रणाच्या बाहेर असते, हे उशिरा उमगले.

सुश्रुतसंहितेत दुष्ट व्रणाच्या लक्षणांत त्याचे दीर्घकाळ टिकणे सांगितले आहे. शुद्ध व्रण सम, वेदनारहित, स्रावरहित व बारीक पुटकुळ्यांनी युक्त असतो, तर भरत असलेल्या व्रणाच्या कडा पारव्याच्या रंगाच्या व कोरड्या असतात, असेही तेथे म्हटले आहे. पुटकुळ्यांचा हा उल्लेख मांसांकुरांचाच असावा. व्रणावरील साठ उपक्रमांत खोल गेलेला व्रण वर आणण्याचा ‘उत्सादन’ आणि फाजील वाढलेले मांस खाली बसविण्याचा ‘अवसादन’ असे दोन स्वतंत्र उपक्रम आहेत. मांस कमी उगवणे व जास्त उगवणे हे दोन्ही दोषच, ही जाण त्यामागे दिसते.

हे ज्ञान ग्रंथांपुरतेच राहिले नव्हते, याची साक्ष पुण्याजवळच मिळते. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाचा साचा कपाळावर सपाट करून त्याप्रमाणे कातडी उचलली. तिचा देठ दोन्ही डोळ्यांच्या मधे राखला. पण त्याआधी नाकाच्या जागी तयार झालेला जुना वण कापून ती जागा पुन्हा ओली केली. भरलेल्या वणावर काही रुजत नाही, ताज्या जखमेवरच रुजते, हे त्या कारागिरास पक्के ठाऊक होते. सांध्यावर काताचे लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनंतर तुपात भिजविलेली फडकी व पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठाचा छेद, असा हा क्रम होता. लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तांत छापला गेला. त्यात कावसजीचे नाव आहे, शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाही. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच पद्धत अवलंबिली.

योगायोग असा की, जॉन हंटर यांचा रक्त, शोथ (दाहयुक्त सूज) व बंदुकीच्या जखमा यांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर याच १७९४ साली प्रसिद्ध झाला. मांसांकुरांची वाढ व त्यांतील वाहिन्या यांचे सविस्तर वर्णन त्यात आहे.

चिरकारी व्रणाचा सर्वांत कठोर प्रकार कुष्ठरोग्याच्या तळपायावर आढळतो. ‘महारोग्याचे मांसच सडते’ ही समजूत या व्रणामुळेच दृढ झाली, व तिने माणसांना गावाबाहेर घालविले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी व पुढे वरोड्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी अशा रोग्यांसाठी वसाहती उभारल्या. तेथील नित्याचे काम बव्हंशी व्रण धुण्याचे व बांधण्याचे होते. वेल्लोर येथे १९४६ मध्ये आलेले शल्यतज्ञ पॉल ब्रँड यांनी या समजुतीलाच हात घातला. विश्रांती मिळाल्यास रोग्याचे मांस इतरांप्रमाणेच भरते, असे त्यांना दिसले. संवेदना गेलेल्या पायावर रोगी तसाच चालत राहतो, त्यामुळे कोवळे मांसांकुर रोज चिरडले जातात. बोटे ‘झडतात’ म्हणावे, तर काहींची रात्री उंदरांनी कुरतडलेली निघाली. रोग्यास वेदना नसल्याने जाग येत नसे. कोलंबोचे शल्यतज्ञ मिलरॉय पॉल वापरीत असलेली प्लास्टरची पद्धत ब्रँड यांनी स्वीकारली. तीत पाय प्लास्टरमध्ये घट्ट बसवून दाब सर्व तळव्यावर विभागला जातो. ज्या पायावर वर्षानुवर्षे मलमे वाया गेली होती, तेथे मुख्य औषध विश्रांती हे ठरले.

महाराष्ट्रात नोशीर अंटिया यांनी पुण्यातील कोंढवा येथे व नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठजन्य व्यंगांवर शस्त्रक्रिया केल्या. रुग्णालयात नीट केलेला पाय गावी जाऊन पुन्हा फुटतो, या अनुभवाने ते १९७० नंतरच्या दशकात कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील मांडवा परिसराकडे वळले. तेथे अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी कुष्ठरोग व क्षय यांचे रोगी हुडकण्याचे काम यशस्वी रीतीने केले.

व्रण कोरडा ठेवावा ही जुनी समजूत जॉर्ज विंटर यांच्या १९६२ मधील डुकरांवरील प्रयोगांनी मोडली : ओलसर आच्छादनाखाली त्वचा लवकर सरकते. महागड्या आच्छादनांना पर्याय म्हणून मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात उकडलेल्या बटाट्याच्या साली भाजलेल्या जखमांवर वापरण्यात आल्या. त्याचा वृत्तांत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

कर्जत व खालापूर तालुक्यांत भातखाचरांत अनवाणी वावरणाऱ्या ठाकूर व कातकरी मजुरांच्या पायांना काटा, दगड व चिखल यांच्या जखमा नित्याच्याच. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावरील लोधिवलीसारख्या गावी त्यांत वाहनअपघातांच्या जखमांची भर पडते. बहुविध औषधोपचारामुळे २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे प्रमाण देशपातळीवर दहा हजारांत एकाहून खाली आले. परंतु जंतू मेले तरी गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. मधुमेहातही पाय असाच बधिर होतो आणि व्रणही तसाच, तळव्याच्या दाबाच्या जागी पडतो. त्यावर प्लास्टरची तीच पद्धत वापरली जाते. मृत ऊतक काढून व्रण पुन्हा ताजा केला जातो, आणि तो भरल्यावर रोग्यास मऊ तळाच्या चपला देऊन रोज संध्याकाळी स्वतःचे तळवे डोळ्यांनी तपासण्यास शिकविले जाते.